हळदीत वाजलेलं गाणं

'मेडोलँड्स' हे गाणं मी सगळ्यात आधी माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला वाजवलं. मे महिना होता, अंगणात पळसाच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि डीजेवाला अजून वणीहून निघायचा होता. मोबाइल लहान स्पीकरला जोडला आणि मला आवडणारं ते गाणं लावलं. नाचऱ्या चालीचं, मुलींच्या आवाजातलं, मागे झुलता ठेका. एक अक्षर कळत नव्हतं, पण पाचच मिनिटांत बायका टाळ्या धरायला लागल्या. काकूने विचारलं, "कोन्या देशाचं होय वं हे?" मी म्हटलं, "आफ्रिकेचं." "लग्नाचंच असंन," काकू म्हणाली आणि हळदीच्या वाटीत पुन्हा हात घातला. मलाही तसंच वाटत होतं.

ते गाणं ज्या अल्बममधलं, तो 'अमांडला' नावाच्या माहितीपटाचा साउंडट्रॅक. माझा भाचा तेव्हा पुण्याला शिकत होता. दिवाळीला आला की तो मला पेन ड्राइव्ह भरून गाणी देई आणि त्यांत एकदा हा अल्बम आला. नुसती गाणी. कव्हर नाही, माहितीची पुस्तिका नाही, सिनेमा तर नाहीच. जवळजवळ वर्षभर मी ती गाणी अशीच ऐकली. भाकरी थापताना, शाळेच्या वह्या तपासताना, रात्री लाइट गेली की अंगणात खाट टाकून. शब्द हाताशी नसले की माणूस आवाजांकडे नीट लक्ष देतो. कुणाचा श्वास पुरत नाही, कुणाच्या आवाजात खर आहे, कोण मागच्या रांगेत उभं राहून गातंय, हे मला कळायला लागलं होतं. काही गाणी स्टुडिओत नीट बसून गायलेली, काही उघड्यावर किंवा एखाद्या दगडी भिंतीच्या आत. दुसऱ्या प्रकारची मला जास्त आवडायची.

सिनेमा मी त्यानंतर पाहिला. नागपूरला एका मैत्रिणीकडे, तिच्या कॉम्प्युटरवर, इंग्रजी सबटायटल वाचत. आणि 'मेडोलँड्स' आलं तेव्हा मी तिला थांबवायला सांगितलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये सोफियाटाउन नावाची वस्ती होती. दाटीची, गरीब, पण तिथे काळ्या माणसांना स्वतःच्या नावावर जमीन घेता येत होती, आणि त्या देशात ही साधी गोष्ट नव्हती. लेखक, गवई, जॅझ वाजवणारे, गुंड, शिक्षक असे सगळे एकाच गल्लीत राहत. गोऱ्या सरकारने ती वस्ती उठवायचं ठरवलं. फेब्रुवारी १९५५ मध्ये सुमारे दोन हजार हत्यारी पोलीस आले आणि घरातलं सामान ट्रकवर चढायला लागलं. माणसांना शहराबाहेर नेऊन टाकलं, त्या जागेचं नाव मेडोलँड्स, म्हणजे कुरणांचा मुलूख. रिकाम्या झालेल्या सोफियाटाउनच्या जागी गोऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि तिचं नाव ठेवलं 'ट्रायोम्फ'. त्यांच्या भाषेत, विजय. जुनं नाव परत मिळायला २००६ साल उजाडलं.

गाणं रचलं स्ट्राइक विलाकाझी यांनी, गायलं नॅन्सी जेकब्स आणि तिच्या बहिणींनी. चाल इतकी हसरी की सरकारी लोकांना वाटलं, ही माणसं खुशीने चालली आहेत, नव्या जागेचं कौतुक करत आहेत. शब्द गल्लीतल्या मिश्र बोलीचे होते. ज्यांना ती बोली येत होती त्यांना गाण्यातला खरा अर्थ कळत होता.

मी खुर्चीत बसून राहिले. त्या साहेबांना जे ऐकू आलं होतं, तेच मला वर्षभर ऐकू येत होतं. मी ते हळदीत वाजवलं होतं.

आणि मग मला आत्याच्या गावचा मारोती आठवला.

माझी आत्या ज्या गावात नांदायला गेली ते गाव आता नाही. वर्धा नदीच्या अंगाला, वणी तालुक्यातलं, दीडेकशे घरांचं गाव. आमच्या भागात जमिनीखाली कोळसा आहे. हे वाक्य बाहेरची माणसं कौतुकाने म्हणतात. आमच्याकडे ते ऐकलं की म्हातारी माणसं गप्प होतात. आधी खाण दोन कोसांवर होती, मग एक कोस, मग नुसतं पांदण ओलांडलं की ओबीचा डोंगर दिसायला लागला. ओबी म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती आणि मुरूम. त्याचे ढिगारे एवढे उंच होतात की पावसाळ्यात त्यांच्यावर झुडपं उगवतात आणि नव्या माणसाला ती टेकडीच वाटते. ब्लास्टिंगने भिंतींना तडे गेले. विहिरीचं पाणी खाली गेलं. मग सर्व्हे झाला, नोटिसा आल्या, मोबदल्यावरून भावाभावांत भांडणं लागली आणि गाव उठलं.

ज्या दिवशी देव हलवला त्या दिवशी मी तिथे होते, म्हणून सांगते. येशीतला मारोती बैलगाडीत ठेवला होता. गाडीला केळीचे खुंट बांधले होते, पुढे भजनी मंडळ, टाळ, पखवाज, मागे डोक्यावर कळशा घेतलेल्या बाया. सात किलोमीटरवरच्या पुनर्वसनाच्या वस्तीपर्यंत वाजतगाजत गेलो. वाटेत लोकांनी पाणी शिंपडलं, ओवाळलं. दुपारी नव्या चौथऱ्यावर देव बसला तेव्हा तिथे साहेब लोक आले होते. त्यांच्यातल्या एकाने भाषण केलं की गावकऱ्यांनी आनंदाने, वाजतगाजत नव्या गावात प्रवेश केला, हे पाहून समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही तसाच, त्याच अर्थाच्या ओळीसकट.

आत्या त्या फोटोत आहे. डोक्यावर कळशी, तोंड उघडं. फोटोत ती हसताना दिसते. ती गात होती. काय गात होती हे तिच्या शेजारच्या बाईलाच ऐकू गेलं असेल.

देव नेताना रडायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याला वाजतगाजत न्यायचं. मग माणसांनी रडायचं कुठे? ते त्यांनी चालीत घातलं असणार. सोफियाटाउनच्या माणसांनीही तेच केलं असावं, असं मला आता वाटतं. हे माझं वाचन आहे, सिनेमा असं काही सांगत नाही.

'अमांडला' २००२ साली आला. ली हर्श नावाच्या तरुण अमेरिकन दिग्दर्शकाने तो बनवायला नऊ वर्षं घेतली. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा चाळीस-पन्नास वर्षांचा लढा त्याने गाण्यांमधून सांगितला. 'अमांडला' म्हणजे सत्ता, ताकद. सभेत एकाने ओरडायचं 'अमांडला', आणि गर्दीने उत्तर द्यायचं, 'आमची!' पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम त्यात म्हणतात की जगातली ही एकच क्रांती चार स्वरांच्या मेळात झाली. सिनेमाचं उपशीर्षकही त्यातूनच आलं आहे.

हे चार स्वर मला फार दिवस छळत होते. मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि चर्चमधून ती गायकी तिथल्या लोकांत रुजली. खालचा खर्ज, त्यावर पुरुषांचा वरचा आवाज, मग बायकांचे दोन. प्रत्येक जण वेगळं गातो आणि सगळं मिळून एक होतं. आपल्याकडे असं नाही. आपल्या भजनात एक जण ओळ टाकतो आणि मागचे झील धरतात, तीच ओळ, त्याच सुरात. शाळेत मी चौथीच्या पोरांकडून प्रजासत्ताक दिनाचं गाणं दोन आवाजांत बसवायचा प्रयत्न केला. पंधरा दिवस घासलं. पोरं ज्या बाजूला जास्त जोर असेल तिकडे वाहून जायची. शेवटी एका सुरात म्हटलं आणि छान झालं. पण एक गोष्ट त्या पंधरा दिवसांत मला कळली. मेळात गायचं तर शेजारच्याचं ऐकत राहूनही स्वतःची ओळ सोडायची नसते. सभेत, मोर्चात, कोठडीत रोज असं गाणाऱ्या माणसांच्या अंगात काय मुरत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

सिनेमा सुरू होतो एका कबरीपाशी. माणसं माती उकरत आहेत, हाडं शोधत आहेत. ती हाडं वुयिसिले मिनी यांची. पोर्ट एलिझाबेथचे कामगार पुढारी, गाणी रचणारे, भरदार खर्जाचे गवई. ६ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रिटोरियाच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली आणि बेवारशासारखं पुरलं. फाशीकडे जाताना ते गात होते, असं तुरुंगातल्या सोबत्यांनी सांगून ठेवलं आहे. १९९८ मध्ये त्यांना बाहेर काढून त्यांच्या गावी मानाने पुन्हा पुरण्यात आलं. त्यांनी रचलेलं गाणं वर्णद्वेषाची इमारत बांधणाऱ्या पंतप्रधान फेरवूर्ट यांना उद्देशून आहे. काळा माणूस येतो आहे, फेरवूर्ट, सांभाळ, असा त्याचा अर्थ. अल्बममध्ये ते मिरियम माकेबांच्या आवाजात आहे. धमकीचं गाणं, पण त्यात दात-ओठ खाणं कुठेच नाही. अंगणात लेकरांना खेळवताना म्हणावं इतकं मोकळं.

असं गाणं आपल्याकडे झालंच नाही असं म्हणता येणार नाही. वरोऱ्याहून पुढे गेलं की चिमूर आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, १६ तारखेला, चिमूर पेटलं. त्याआधी तुकडोजी महाराजांची खंजिरी त्या मुलखात घुमत होती. झाडंझुडपं शस्त्रं होतील, दगडांचे बॉम्ब होतील, भक्तांची सेना होईल, अशा अर्थाचं त्यांचं भजन आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. इंग्रज सरकारने त्याच वर्षी महाराजांना अटक केली. माझे आजोबा महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवायचे. ते सांगायचे की त्या वर्षी भजनाला बसलेल्या माणसाला रामनाम घेतानाही पोरं दाराशी पहाऱ्याला ठेवावी लागत. लहानपणी मला ही गोष्ट शौर्याची वाटायची. आता मी त्यात दुसरंच ऐकते: भजन आणि बंड एकाच चालीत बसत होतं, आणि ते वेगळं काढणं सरकारला जमत नव्हतं.

अल्बममधलं एक गाणं मात्र मला सिनेमा पाहण्याआधीच कळलं होतं. ह्यू मासेकेला यांचं 'स्तिमेला'. स्तिमेला म्हणजे आगगाडी. ते तोंडानेच गाडीचा आवाज काढतात, वाफ सोडतात, शिट्टी देतात, आणि मधे बोलतात. शेजारच्या देशांतून, खेड्यापाड्यांतून माणसं भरून जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीकडे नेणारी कोळशाची गाडी. जमिनीच्या पोटात खोल उतरायचं, सोळा सोळा तास खपायचं, हाती जवळजवळ काहीच नाही. रात्री घाणेरड्या खोल्यांत पडून घरच्यांना आठवायचं, ती परत दिसतील की नाही ते माहीत नाही. गाडीचा आवाज आला की ही माणसं तिला शिव्या देतात. मासेकेला यांचा जन्म १९३९ चा, विटबँक नावाच्या गावातला. विटबँक कोळशाच्या खाणींचं गाव. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला नवल वाटलं नाही. ज्याने लहानपणी अंथरुणात पडून मालगाडीचे डबे मोजले नाहीत, त्याच्या घशातून तो आवाज निघणार नाही.

वणीच्या स्टेशनात नांदीग्राम एक्सप्रेस थांबते. पण गाडी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येते ती कोळशाची मालगाडी. आणि रस्त्यावर हायवा, म्हणजे कोळसा वाहणारा मोठा ट्रक. दिवसरात्र, ताडपत्री अर्धी उडालेली, मागे काळी धूळ. कार्तिकात कापूस फुटतो तेव्हा आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. झाडापाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे, मग बोंडाला हात लावायचा. रस्त्याकाठच्या वावरात आता सीतादही करताना पांढऱ्या बोंडावर काळी पूड असते. दह्यावरही येते. व्यापारी कापूस हातात घेतो, बोटं चोळतो, भाव पाडतो. 'स्तिमेला' ऐकताना मला त्या सोन्याच्या खाणींपेक्षा हे बोंड आधी दिसतं, आणि त्याला माझा इलाज नाही.

'सेंझेनी ना' या गाण्याबद्दल मी थोडंच लिहीन. अर्थ एवढाच: आम्ही काय केलं? तेच पुन्हा पुन्हा, अंत्ययात्रेत, खांद्यावर पेटी घेऊन. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एका काळी आठवड्याआड कुणाच्या तरी दारात तशी गर्दी जमायची. कर्त्या माणसाचं प्रेत, कोपऱ्यात त्याची बायको, दारात पटवारी. तिथे कुणी गात नसे. आम्ही काय केलं, हे विचारायचं सुचायला हवं होतं. माणसं उलट आपल्यालाच विचारत: आपलं काय चुकलं?

साउंडट्रॅकबद्दल माझी एक तक्रारही आहे. गाणी सिनेमातून बाहेर काढून ओळीने लावली की त्यांच्या आजूबाजूची माणसं जातात. सिनेमात एखादी बाई बोलता बोलता मधेच गायला लागते, गाताना तिला काहीतरी आठवतं आणि ती थांबते. अल्बममध्ये ते थांबणं नाही. काही तुकडे तर आत्ता कुठे अंगावर यायला लागले म्हणेपर्यंत संपतात. पण हाच अल्बम नसता तर वणी तालुक्यातल्या एका मास्तरणीच्या स्वयंपाकघरात, वर्णद्वेषी राजवटीचा तुरुंग असलेल्या रॉबेन बेटावरच्या कैद्यांचं गाणं कसं पोचलं असतं? म्हणून मी तक्रार करते आणि ऐकत राहते.

खरी टोचणी वेगळीच होती. नऊ वर्षं कुणीतरी परक्या देशात फिरून गाणी जमवतो, आणि माझ्या सख्ख्या आत्याने डोक्यावर कळशी घेऊन काय गायलं ते मला माहीत नाही. जात्यावरच्या ओव्या जमवणारी माणसं महाराष्ट्रात झाली. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायांनी एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या, आणि त्यांचे आवाजही टेपवर राहिले. ते काम किती मोठं आहे हे मोजायला माझ्याकडे माप नाही. पण त्याला हात जोडून घरी बसायचं हे काही बरं वाटेना.

मागच्या श्रावणात मी आत्याकडे गेले. नवी वस्ती म्हणजे सरळ रेषेत आखलेले प्लॉट, टिनाची छपरं, मधे सिमेंटचा रस्ता. झाड म्हणाल तर लोकांनी आपापल्या दारात लावलेला कडुनिंब. खाण वाढत वाढत आता इथूनही ऐकू येते. आत्या सत्तरीच्या पुढे गेली आहे, तरी शेजारणींसोबत निंदाले जाते.

मी विचारलं, "आत्या, मारोती आनला त्या दिवशी तू काय म्हनत होतीस?"

"कायचं काय? भजन म्हनत होतो."

"फोटोत तुह्या तोंड वेगळंच दिसते."

ती बराच वेळ हातातला निंबाचा काडा मोडत बसली. मग म्हणाली, "भजन तं बुढे म्हनत होते. आमी बाया मागं होतो. आमचं आमचं चालू होतं."

"म्हन न मंग."

"आता? दुपारच्या पारी?"

मी मोबाइल काढून खाटेवर ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदर डोक्यावर घेतला, भिंतीला टेकली आणि जात्यावरच्या चालीत, हळू, सुरू केलं.

*इहीर गेली, वड गेला, बुजला नदीचा घाट*
*लेक येईन दिवाळीले, तिले कोन दावीन वाट*

दोन लेकी आहेत तिला. एक राळेगावला, एक तेलंगणात, आदिलाबादच्या पलीकडे. गाव उठलं त्या वर्षी थोरली दिवाळीला आली ती जुन्याच फाट्यावर उतरली होती आणि ओबीच्या डोंगराकडे तोंड करून लेकराला कडेवर घेऊन उभी राहिली होती, हे मला आत्ता त्या ओळीने सांगितलं. इतकी वर्षं घरात कुणी बोललं नव्हतं.

ते रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आहे. सुरुवातीला कोंबडी आहे, मग शेजारच्या घरातला टीव्ही. दोनदा हायवा जाते आणि आत्याचा आवाज पूर्ण बुडतो. भाच्याला पाठवलं तर त्याने लगेच कळवलं की मावशी, आवाज साफ करून देतो, आजकाल सगळं निघतं. मी त्याला नको म्हणून सांगितलं. त्याला कारण नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं की तू मला दिलेल्या अल्बममध्ये ज्या गाण्यांत पायांचा आवाज आहे, तीच मी जास्त ऐकते.

तिसऱ्या मिनिटाला दोन वाजतात. दोनचं ब्लास्टिंग. आधी भोंगा, मग तो धक्का जमिनीतून येतो आणि टिन थरथरतं, ते सगळं त्यात आलं आहे. आत्या 'लेक येईन' म्हणून थांबते. भांडी वाजायची थांबेपर्यंत वाट पाहते. मग माझा आवाज आहे, "राहू दे आत्या, मंग म्हन." ती मला उत्तर देत नाही. बाहेरच्या बाजूला विचारते, "झालं का?" आणि 'दिवाळीले' पासून पुढे म्हणायला लागते.